एकोणीस सेकंदांचा माग

आमच्या कक्षात त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. पाठीमागे सगळे त्यांना ‘आधीतुम्ही’ म्हणायचे. लिफ्टपाशी दोन माणसं उभी दिसली की हे मागे सरकणार, “आधी तुम्ही.” चहाच्या खिडकीपाशी कालच नोकरीला लागलेली मुलगी आली तरी, “आधी तुम्ही.” एकदा जिन्यात ते आणि सफाईवाल्या मावशी समोरासमोर आले आणि दोघं एकमेकांना वाट देत इतका वेळ उभे राहिले की मावशीच शेवटी वैतागून म्हणाल्या, “अहो, बादली धरून हात तुटला माझा, जाता का आता?” ही गोष्ट आम्ही वर्षभर चघळली. तोंडावर मात्र आम्ही त्यांना काकाच म्हणायचो.

आता ते आमच्याकडे नाहीत. नवीन आलेल्या मुली विचारतात, तेव्हा कोणी म्हणतं त्यांनी सर्व्हर बिघडवला, कोणी म्हणतं त्यांनी एका बाईचा जीव घेतला. काही शहाणे म्हणतात की त्यांनी मला वाचवलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं हे खरं, पण यातलं काहीच पूर्ण खोटं नाही, आणि म्हणूनच मला हे सांगत बसण्याचा राग येतो. तरी सांगते. मी तिथे होते, आणि त्या खोलीत मीच त्यांचे डोळे होते.

मी चार नंबरच्या खुर्चीवर बसते. रुग्णवाहिका मागवायला लोक जो फोन करतात, तो आमच्याकडे येतो. आम्ही दहा जण, कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन. फोन आला की कानात रिंग वाजते, डावा स्क्रीन हिरवा होतो, मी बटण दाबते आणि विचारते, “कुठून बोलताय?” कोणता फोन कोणत्या खुर्चीकडे पाठवायचा हे मागच्या खोलीतला एक सर्व्हर ठरवतो. त्याच्यावर एक प्रोग्राम चोवीस तास चालतो, त्याला आम्ही ‘वाटप’ म्हणतो. त्या सर्व्हरचं दुखलं-खुपलं बघणारे म्हणजे काका.

ती खोली बिनखिडक्यांची. सर्व्हर गार राहावा म्हणून माणसांनी कुडकुडायचं, असा तिथला न्याय. काका बारा महिने एकच करडा स्वेटर घालत, त्याचं वरून दुसरं बटण निळं होतं. बावीस वर्षांपूर्वी ते इथे वायरमन म्हणून लागले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या जाडजूड पुस्तिका कोणी उघडेना, त्या यांनी घरी नेऊन वाचल्या, आणि बघता बघता खोलीची किल्ली यांच्याकडे आली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरी राहायचे आणि तिथेही आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायचे, हे त्यांनीच हसत सांगितलेलं. लहानपणी आईवडील गेल्यावर ते मामांच्या घरी वाढले. “दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला एक गोष्ट लवकर कळते, ताई,” ते एकदा म्हणाले, “कोणाच्या मध्ये यायचं नाही.” तेव्हा मला हे फार मोठं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

तो मंगळवार होता. सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या बायकोच्या छातीत कळ आली आणि त्याने दुकानातून आम्हाला फोन लावला. त्याच्या कानात रिंग वाजत राहिली. एकोणीस सेकंद. कोणी उचलला नाही. त्याने फोन टाकला, रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानात गेला, दुकानदाराच्या हातापाया पडून त्याला आणलं, आणि मग दुकानदाराने लावलेला फोन सात नंबरने पहिल्याच रिंगला उचलला. तोवर पाच मिनिटं गेली होती. गाडी पोचली तेव्हा बाई गेलेली होती. फोन पाच मिनिटं आधी आला असता तर, असं गाडीतले डॉक्टर बोलून गेले, आणि बोलल्यावर ते शब्द कोणाला परत घेता येतात?

संध्याकाळी कक्षाच्या साहेबांनी मला बोलावलं आणि सर्व्हरची नोंद दाखवली. ‘खुर्ची चार. रिंग एकोणीस सेकंद. उत्तर नाही.’

“साहेब, माझ्या कानात रिंग वाजलीच नाही.”

“नोंद काय खोटं बोलते?”

मग त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. मी बघितलं. अकरा बेचाळीसला मी खुर्चीत बसलेली आहे, हेडफोन कानावर आहे, आणि मी पाण्याची बाटली उघडून पाणी पिते आहे. सावकाश. मग टोपण लावते, पदराने तोंड पुसते. तिकडे एक बाई मरत होती आणि इकडे मी पाणी पीत होते. साहेबांनी ते दोनदा लावलं. एकदा पुरे होतं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी चौकशी ठरली. तोपर्यंत रोज हजर राहायचं, पण खुर्चीला हात लावायचा नाही, असा हुकूम. म्हणजे मी बाहेरच्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्याकडे बघून मान फिरवायची. घरी आईने मुकाट जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “खरं सांग हं. डुलकी लागली होती का?” मी ताटली आपटून उठले. पण न्हाणीघरात जाऊन नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात मला रिंग ऐकू यायला लागली. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. वाजली असेल का? वाजली आणि मला कळलीच नाही, असं होऊ शकतं का? आठ वर्षं दिवसाला शेकडो रिंगा ऐकणाऱ्या कानाचा काय भरवसा?

त्याच दिवशी दुपारी शिंपी ऑफिसात आला होता. गळ्यातली माप घ्यायची टेप काढायची राहून गेली होती. आरडाओरडा नाही, काही नाही. बाकावर माझ्या शेजारी बसला आणि मलाच विचारलं, “चार नंबर कोण हो?” मी म्हटलं, “माहीत नाही.” हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

तो गेल्यावर मी उठले आणि थेट मागच्या खोलीत शिरले. काका खाली बसून एक वायर बघत होते.

“काका, रिंग वाजली नाही,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले. “कोणाचा विश्वास नाही. माझा माझ्यावर राहिला नाही.”

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसेपर्यंत स्वतः उभे राहिले. मग म्हणाले, “नाही वाजली म्हणता ना? मग माझ्यापुरती नाही वाजली. आता ती कुठे अडली तेवढं बघायचं.”

एवढं साधं. आठ दिवसांत माझ्याशी असं बोललेला हा एकच माणूस, हे मी विसरणार नाही. पुढे जे झालं त्यानंतरही विसरलेले नाही.

तर अडलेली रिंग शोधायची कशी? काकांनी मला जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो. ही प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, आणि ज्याला हवी त्याने उघडून आतपर्यंत बघावी अशी. तिच्या गाभ्यात जो भाग असतो त्याला कर्नल म्हणतात. मला आधी मिशीवाला फौजीच डोळ्यांपुढे आला, आणि त्या दिवसांतलं माझं एकमेव हसू त्याच्यावर खर्च झालं. सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रामला जागा हवी, वेळ हवा, तारेवरून काही पाठवायचं असेल, की तो कर्नलकडे मागतो. कर्नल देईल तेव्हा मिळतं, तोवर तो झोपून राहतो. ‘वाटप’ जर एकोणीस सेकंद झोपला असेल, तर कशासाठी झोपला हे कर्नललाच ठाऊक.

“आणि त्याला विचारायचं कसं?”

“माग काढणारी साधनं असतात. ती कर्नलच्या दाराशी बसवायची. कोण आलं, काय मागितलं, किती वेळ ताटकळलं, सगळं लिहून घेतात. यात लपवलेलं काही नसतं, ताई. बघायची तयारी हवी.”

तयारी होती, पण साधन नव्हतं. आणि चालू सर्व्हरवर ते बसवायला साहेब तयार होईनात. “चालत्या गाडीचं चाक काढून बघायचं म्हणता? उद्या आणखी कोणी गेलं तर?” हे मला तेव्हा निव्वळ खुसपट वाटलं, आज वाटतं की त्यांचं चुकत नव्हतं. काका साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले. साहेबांनी फोन घेतला, दुसऱ्यांना आत बोलावलं, कागद चाळले. काका हलले नाहीत. बावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा कोणाच्या वाटेत उभा होता. शेवटी साहेबांनी लिहून दिलं, पण अट घातली. फोनच्या कामात जरा जरी अडथळा आला तर त्या क्षणी सगळं काढून टाकायचं.

साधन बसवताना आमच्या नाकी नऊ आले. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, नवा चष्मा यायचा होता, आणि बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती. म्हणून स्क्रीनवरच्या ओळी मी मोठ्याने वाचायच्या आणि ते बोट फिरवत टाइप करायचे. मला एकाही अक्षराचा अर्थ कळत नव्हता. भटजी नवा आणि पोथी परकी, अशी गत.

आमचा सर्व्हर मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवलेला. त्यामुळे साधन बाहेरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि चाळीस पावलं चालत आत आणायचं. एक आणलं की ते सांगायचं, अमुक एक सोबत असल्याशिवाय मी बसणार नाही. ते आणलं की त्याला तिसरं हवं. गुरुवारी मी सत्तावीस फेऱ्या मारल्या. आणि सगळं जमल्यावर शेवटची ओळ आली. मी वाचली. साधन म्हणत होतं, या कर्नलच्या नेमक्या आवृत्तीच्या जोडफायली द्या, त्याशिवाय मला याच्या आतलं काही उमजत नाही. आमच्या आवृत्तीचा शेवटचा आकडा होता एकशे बारा. बाहेर मिळत होत्या त्या एकशे चौदाच्या. जुन्या त्यांनी काढून टाकल्या होत्या.

“दोनाचाच तर फरक आहे,” मी म्हटलं.

“दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून बघण्यासारखं आहे. दिसेल, पण भलतंच दिसेल.”

शुक्रवार असाच गेला. काका पत्रं लिहीत होते, कोणाकोणाला फोन करत होते, प्रत्येकाला आधी “तुम्ही कामात असाल तर नंतर करतो” म्हणत होते, आणि तो पलीकडचा माणूस अर्थातच कामात असायचा. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. “काका, एकदा तरी सांगा की हे तातडीचं आहे!” मी ओरडले. ते म्हणाले, “हो, सांगतो,” आणि पुढच्या फोनवर पुन्हा तेच.

शनिवारी सकाळी मी कपाटाच्या तळातून वायरचं भेंडोळं काढत होते, तर खाली एक चपटी डबी निघाली. त्यात एक डिस्क, वर काकांच्या अक्षरात तारीख आणि आकडा. एकशे बारा. तीन वर्षांपूर्वी सर्व्हर बसवला तेव्हाच त्यांनी सगळ्या फायली उतरवून ठेवल्या होत्या आणि साफ विसरले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. आम्ही दोघं त्या डिस्ककडे बघत राहिलो. तासाभरात साधन बसलं.

आणि पहिल्याच वेळी आम्ही माती खाल्ली. काकांनी अधीरपणे सगळ्याच गोष्टींचा माग लावला. स्क्रीनवर ओळींचा असा लोंढा आला की मी “थांबा” म्हणेपर्यंत लाखभर लिहून झाल्या होत्या, आणि त्या लिहिता लिहिता सर्व्हरच धापा टाकायला लागला. बाहेरून सात नंबरची हाक आली, “माझा स्क्रीन गोठला!” काकांनी माग तोडला. साहेब दारात आले. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. “सोमवार, मंगळवार,” ते म्हणाले. “मग मी हे उपटून टाकणार.”

काकांनी माग बारीक केला. आता फक्त ‘वाटप’कडे बघायचं. तो दोन सेकंदांहून जास्त झोपला तरच लिहायचं, की तो कशासाठी थांबला आणि ती वस्तू त्या वेळी कोणाच्या ताब्यात होती. बाकी जगात काहीही होवो.

सोमवारी दिवसभर स्क्रीन कोरा होता. मी त्याच्यापुढे डोळ्यांत तेल घालून बसले होते. काय वाट बघत होते मी? कोणाचा तरी फोन अडकावा म्हणून बसले होते. दुपारपर्यंत मी मनातल्या मनात चक्क हात जोडले, की कोणाचा तरी अडकू दे. एखाद्याचा बाप, एखादीचं मूल, कोणीही. अडकू दे, म्हणजे मी सुटेन. हे मी कबूल करते, कारण पुढे काकांवर मी जी आग पाखडली ती कोणत्या तोंडाने, हेही सांगायला हवं.

मंगळवारी सकाळी कुठेतरी दोन बस आदळल्या आणि फोनवर फोन यायला लागले. बाहेर दहाही खुर्च्या एकदम बोलत होत्या. आत स्क्रीनवर एकाएकी तीन ओळी उमटल्या.

“काका, आलं!”

“वाचा. सावकाश.”

“दहा बेचाळीस. वाटप. थांबला अकरा पॉइंट तीन सेकंद.” “जागेच्या कुलपासाठी थांबला, असंच लिहिलंय ना हे?”

“हो. कुलूप कोणाकडे होतं? तिसरी ओळ.”

मी अक्षरं जुळवून वाचली. “पहारा-सात.”

काका स्क्रीनकडे वाकले. मला वाटलं मी चुकीचं वाचलं. त्यांनी हळूच विचारलं, “परत वाचा,” आणि मी परत वाचलं. बाहेर फोन चालूच होते. त्या अकरा सेकंदांत अडकलेला माणूस फोन धरून राहिला आणि दोन नंबरने त्याला घेतलं, हे नंतर बघितलं. नशीब त्याचं.

“पहारा-सात माझा आहे,” काका म्हणाले.

दीड वर्षापूर्वी एकदा ‘वाटप’ने सर्व्हरची सगळी जागा खाऊन टाकली होती आणि कक्ष दहा मिनिटं बंद पडला होता. काकांची रीत अशी, की काही बिघडलं की ते पुन्हा बिघडू नये म्हणून एक पहारा लावायचा. पहारा म्हणजे छोटासा प्रोग्राम, लक्ष ठेवणारा. असे सात झाले होते. सातवा दर तासाला येऊन ‘वाटप’ने किती जागा व्यापली ते कोपरा न् कोपरा मोजायचा. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालली असेल तर आत बसून वाचणाऱ्याला कोणी उठवत नाही, पण नवं पुस्तक कपाटात ठेवू देत नाहीत. तसंच इथे, मोजणी संपेपर्यंत जागेला कुलूप. मोजणी चालू असताना ‘वाटप’ला नेमकी त्याच वेळी नवी जागा लागली, तर कुलूप उघडेपर्यंत त्याने झोपायचं. मोजणी एरवी डोळ्याचं पातं लवेतो संपायची, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

“मग एकोणीस सेकंद कसे लागले?” मी विचारलं.

काका जमिनीकडे बघत होते. “मी त्याला सगळ्यात शेवटचा नंबर दिला होता. बाकीच्यांची कामं महत्त्वाची. हा बिचारा नुसता मोजणारा, याने कोणाला अडवू नये. म्हणून सांगून ठेवलं, की दुसऱ्या कोणाचंही काम असेल तर आधी त्याला जाऊ दे. तासाच्या ठोक्याला इतरांची कामं निघतात, तेव्हा गर्दी नको म्हणून बेचाळिसावं मिनिट दिलं. सर्व्हरवर काम वाढलं की हा बाजूला उभा राहणार. येईल त्याला पुढे जा म्हणणार. आणि कुलूप याच्याच हातात.”

आणि ‘वाटप’ जागा झाला की काय करायचा? रिंग पाठवायची वेळ उलटून गेलेली, फोन तोवर बंद झालेला. तो बिनदिक्कत लिहायचा, ‘खुर्ची चार, एकोणीस सेकंद, उत्तर नाही.’

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मी सुटले, असं वाटलं. माझे कान शाबूत होते. मी वेडी नव्हते. मग शिंप्याची गळ्यातली टेप आठवली आणि लाज वाटली, आणि त्यानंतर जो राग आला तो सगळा समोरच्या करड्या स्वेटरवर गेला.

“तुम्ही? आठ दिवस मी एक घोट पाणी प्यायले म्हणून मरतेय, आणि ते तुम्ही होतात? कोणी सांगितलं होतं पहारे बसवायला? आणि बसवला तर धड बसवायचा! सगळ्यांना पुढे सोडत सोडत तुम्ही एका बाईला...”

“हो,” काका म्हणाले. एवढंच.

त्यांनी पहारा-सात बंद केला. तीन ओळी छापून घेतल्या आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले. साहेबांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं!” मला ती म्हण लागली. खाणाऱ्या कुंपणाला भूक असते, या माणसाला कसली होती? साहेब उठले, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा, तुमच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. सर्व्हर जुना झालाय, कधीकधी अडखळतो, एवढंच लिहा. नवा तरी मिळेल. बाईंना मी तंबी देऊन सोडतो. ‘कामात दुर्लक्ष’ एवढा एक शेरा पडेल, नोकरी शाबूत. कोणाचं वाईट होत नाही यात.”

मी काकांकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, नोकरी शाबूत हे शब्द ऐकून मला हायसं वाटलं होतं. शेरा तर शेरा. पण मग शिंप्याने आयुष्यभर काय समजायचं? की चार नंबरने ऐकलं आणि उचललं नाही?

“बघतो,” काका म्हणाले, आणि दारातून आधी मला जाऊ दिलं. त्या ‘बघतो’चा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना. जन्मभर ज्याने कोणाला नाही म्हटलं नाही, तो साहेबांना काय म्हणणार होता?

बुधवारी बाकावर मी, मध्ये जागा सोडून काका, त्यांच्या मांडीवर ते पाकीट. शिंप्याला आत आधीच बसवलं होतं. काकांनी दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं आणि स्वेटरचं निळं बटण सारखं चाचपत होते. मी बोलण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. शिपायाने दार उघडून हाक दिली, “खुर्ची चार!”

मी उठले. माझ्याआधी काका उठले होते. ते माझ्यापुढून गेले आणि दाराच्या मुठीला हात घातला.

“काका, मला बोलावलंय.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “आज आधी मी.”

आत लांब टेबलामागे तिघं, बाजूला साहेब, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर शिंपी, हात गुडघ्यांवर. मधल्या बाईंनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, हे कोण? काकांनी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, पण त्यांना उत्तर दिलं नाही. ते शिंप्याकडे वळले. आणि हा माणूस, जो फोनवर अनोळखी माणसालाही ‘कामात असाल तर नंतर’ म्हणायचा, तो एकदाही न अडखळता बोलला.

“तुम्ही फोन लावलात तेव्हा तुमच्या कानात रिंग वाजत होती. तुम्हाला वाटलं ती इथे कोणाला तरी ऐकू जातेय. ती या ताईंपर्यंत पोचलीच नाही. सर्व्हर जुना म्हणून नाही, आणि यांचं लक्ष नव्हतं म्हणूनही नाही. मी एक पहारा लावला होता, तो चुकीचा लावला. एकोणीस सेकंद तुम्ही तिकडे होतात, या इकडे होत्या. मध्ये मी होतो.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. टेबलामागून कोणीतरी काही विचारायला लागलं, पण शिंप्याने हात वर केला आणि ते गप्प बसले. तो काकांकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे मान वळवली आणि मला ओळखलं.

“त्या दिवशी बाकावर तुम्हीच होतात,” तो म्हणाला. “मी विचारलं तर माहीत नाही म्हणालात.”

“हो,” मी म्हटलं. “मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं मी ऐकलं होतं की नाही.”

त्याने खिशातून टेप काढली, बोटांना गुंडाळली, परत सोडली.

“पोचली असती,” त्याने विचारलं, “तर उचलला असतात?”

“पहिल्या रिंगला,” मी म्हटलं. माझ्याशेजारी काका उभे होते. मी ते बोलले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.